मानेसंबंधी मोफत शिबिर

दाजी मयेकरांच्या टायची गाठ यशोदाबाईंनी सोडली, तेव्हा दाजी मागीलदारी नारळ सोलत होते. त्यामुळे त्यांना काही करता आलं नाही. ते पुढच्या अंगणात आले तोवर सगळं आटोपलं होतं. टाय साबणाच्या पाण्यातून निघून, पिळून, कपड्यांच्या दोरीवर वाळत पडला होता. सरळ, लांबच लांब, सुकत घातलेल्या वाकटी माशासारखा.

“ह्या काय?” दाजींनी विचारलं.

“तुमचो टाय. कळकट झालेलो. मानेकडे तर खोबरेलाचो थर. आता बघा कसो दिसता.”

“आणि गाठ खंय?”

“सोडलंय. दाभण घालूचा लागला, अर्धो तास गेलो माझो.”

दाजी पडवीच्या पायरीवर बसले. कोणाला वाटेल, एका गाठीचं एवढं काय? पण ती गाठ फर्नांडिसची होती. दाजी मुंबईत जहाज कंपनीच्या एजंटाकडे नोकरीला लागले, तेव्हा तिथे टाय सक्तीचा होता आणि दाजींना तो बांधता येत नव्हता. शेजारच्या टेबलावरच्या वेंगुर्ल्याच्या फर्नांडिसने पहिल्याच दिवशी हात धुवायच्या खोलीत त्यांना तो बांधून दिला. दाजींनी ती गाठ पुन्हा सोडलीच नाही. संध्याकाळी सैल करून टाय डोक्यावरून काढायचा, खिळ्याला लावायचा आणि सकाळी परत डोक्यातून घालायचा. एक टाय विटला की दुसरा आणायचा, फर्नांडिसपुढे मान करायची आणि पुढची काही वर्षं निश्चिंत राहायचं. अशी चार टायांत अठ्ठावीस वर्षांची नोकरी झाली. निवृत्त होऊन मालवणजवळच्या वाडीत आल्यावर दाजी पंधरा ऑगस्टला, सव्वीस जानेवारीला आणि लग्नकार्यात तो शेवटचा टाय घालत. वाडीत ते टायवाले दाजी झाले. टाय बांधता येतो का, असं त्यांना कधी कोणी विचारलं नाही, आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देण्याइतके दाजी उतावळे नव्हते.

त्यांनी उठून टाय हातात घेतला. मधोमध, जिथे गाठ होती तिथे, मूळ रंग शाबूत होता, आमसुलासारखा गर्द. बाकीचा टाय पाणी जास्त झालेल्या कोकम सरबताच्या रंगाचा होता. दाजींना वाटलं, काही घाई नाही. सव्वीस जानेवारीला अजून दोन महिने आहेत. तोवर काहीतरी होईल.

ते त्याच संध्याकाळी झालं. विहिरीकडच्या धुऱ्यांची भक्ती हातात एक कागद घेऊन आली. तिने कणकवलीला हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा केला होता आणि दोन वर्षं ती एका रिसॉर्टात पाहुण्यांपुढे सोलकढीचे पेले ठेवत होती. पाहुण्यांना वाढता वाढता तिला रोज समोर समुद्र दिसायचा, आणि त्याच्यावरून जाणारी जहाजंही. आता एक क्रूझ कंपनी कणकवलीत मुलाखती घेणार होती. वाडीतल्या सात जणांना पत्रं आली होती. चार मुलगे, तीन मुली. पत्रात लिहिलं होतं की पांढरा शर्ट, काळी पॅन्ट आणि टाय आवश्यक. आणि उपाहारगृह विभागाच्या उमेदवारांना स्वतःचा बो टाय स्वतः बांधता आला पाहिजे.

“दाजीनू, तुमी आमका शिकवशात?” भक्ती म्हणाली. “मोबाइलार बघून बघून डोक्या फिरला. गेल्या वर्सा गोव्यात टाय हातात घेवन उबी रवलंय आणि नंबर गेलो.”

दाजींनी घसा साफ केला. आपल्याला वेळ नाही, कंबर धरली आहे, आजकालच्या पद्धती वेगळ्या आहेत, अशी तीन कारणं त्यांच्या मनात तयार होती. त्यातलं कोणतं आधी सांगावं याचा ते विचार करत होते, इतक्यात स्वयंपाकघरातून यशोदाबाई बोलल्या.

“शिकवतले तर. अठ्ठावीस वर्सां रोज बांधलेलो त्यांनी. तेंका काय जड?”

भक्ती वाकून पाया पडून गेली. नमस्कार घेतल्यावर माघार घेता येत नाही, हे दाजींना ठाऊक होतं.

वर्ग पुढच्या रविवारी ठरला. सात मुलं, सात खुर्च्या, एक आरसा, एवढंच लागणार होतं. पण भक्ती म्हणाली, घरी नको, वाचनालयाचा हॉल घेऊ. म्हणून दाजी सोमवारी वाचनालयात गेले.

वाचनालयाचा चिटणीस अजय हा दाजींच्या गल्लीतलाच. सकाळी तो दाजींकडे शेवग्याच्या शेंगा मागायला आला होता तेव्हा चांगला मालवणीत बोलत होता. पण खुर्चीत बसून चष्मा लावला की तो दुसराच माणूस व्हायचा.

“अर्जदाराने कार्यक्रमाचे स्वरूप स्पष्ट करावे,” अजय म्हणाला.

“अरे, टाय बांधूक शिकवूचो आसा. भक्ती आणि ती पोरां.”

“ते मला व्यक्तिशः माहीत आहे. पण नोंदवहीत सांस्कृतिक, धार्मिक, शैक्षणिक आणि आरोग्य असे चारच रकाने आहेत.”

“मगे शैक्षणिक लिही.”

“शैक्षणिकसाठी मार्गदर्शकाचं त्या विषयातलं प्रमाणपत्र जोडावं लागतं. आपल्याकडे टाय या विषयाचं प्रमाणपत्र आहे का?”

दाजींनी नाही म्हटलं. प्रमाणपत्र हा शब्द ऐकून त्यांना उगीचच घाम आला. अजयने पानं उलटली, जुन्या नोंदी पाहिल्या, चष्मा पुसला.

“आरोग्याला प्रमाणपत्राचा नियम नाही,” तो म्हणाला. “आरोग्याला फक्त अवयव लिहायचा असतो. मागे डोळ्यांचं झालं, दातांचं झालं. टाय कुठे बांधतात?”

“मानेक.”

अजयने त्या रकान्यात ‘मान’ असं लिहिलं, शिक्का मारला आणि चष्मा काढला. मग म्हणाला, “दाजीनू, शेंगो गोड होत्यो हां. फाल्यां सकाळी अजून चार धाडा.”

दाजी घरी आले आणि त्यांनी काजूची कोठी आतून लावून घेतली. हातात मोबाइल, गळ्यात टाय, समोर भिंतीला टेकवलेला आरसा. मोबाइलमधला गोरा माणूस हसत हसत अकरा सेकंदांत गाठ मारायचा आणि परत हसायचा. त्याचा उजवा हात दाजींच्या डाव्या बाजूला होता. आरशातला दाजींचा उजवा हात पुन्हा तिसरीकडेच होता. पहिल्या दिवशी टायचं रुंद टोक बेंबीशी आलं आणि अरुंद टोक गुडघ्याशी. दुसऱ्या दिवशी दोन्ही टोकं पाठीवर गेली, ती कशी गेली हे दाजींना आजही सांगता येत नाही. मग त्यांनी लोणच्याच्या बरणीवर सराव केला. बरणीला छान जमला. पण बरणीला खांदे नसतात, आणि मुलाखत बरणीची नव्हती.

बुधवारी कोठीच्या खिडकीतून बाबलीने डोकावलं. बाबली शेजारी, त्याच्या दोन होड्या. आयुष्य दोरखंडांत गेलेलं.

“दोरीचा काम आणि माका इचारूक नाय?” तो दुखावून म्हणाला.

“अरे, सराव करतंय. वर्गासाठी.”

“मान हंय कर.”

दाजींनी खिडकीतून मान बाहेर केली. बाबलीने दोन वेढे घेतले, एक टोक खालून काढलं, एक वरून, आणि गचका मारला. गाठ बसली. दिसायला ती अगदीच वाईट नव्हती, मुठीएवढी आणि भरीव.

“ही नांगराची गाठ,” बाबली म्हणाला. “तुफानात होडी जायत, पण गाठ सुटाची नाय.”

“पण सोडतत कशी?”

“ता सोप्पा आसा,” असं बाबली म्हणतो आहे, तोच त्याचा फोन वाजला. बंदरावर होडी लागली होती. तो “येतंय, येतंय” म्हणत मोटरसायकलवर बसला आणि गेला.

तो चार वाजता आला. तोपर्यंत दाजींनी बनियनवर टाय अशा अवस्थेत बांगड्याचं तिखलं आणि भात खाल्ला. टाय आमटीत जाऊ नये म्हणून यशोदाबाईंनी तो त्यांच्या पाठीवर टाकला. वाकता येत नव्हतं, बाजूला बघता येत नव्हतं. हाक आली की दाजी सबंध वळत, कपाट वळवल्यासारखे. तशाच वेळी राधाबाई आल्या.

राधाबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. वाचनालयाबाहेरचा फळा त्या रोज वाचत आणि वाडीभर सांगत. त्यांनी दाजींना नीट न्याहाळलं.

“दाजी, ह्यो पट्टो खंयसून हाडलंस?”

“मुंबईचो,” दाजी म्हणाले.

“मानेक बरो पडता?”

“घट्ट आसा.”

“घट्टच व्हयो,” राधाबाई समाधानाने म्हणाल्या. “मी पण येतंय रविवारी. बायांका सांगतंय.”

दाजींना वाटलं, म्हातारीला मुलांचं कौतुक आहे. ते बरं म्हणाले. त्यांची मान मोकळी असती तर त्यांनी थोडा विचार केला असता.

गुरुवारी दुपारी कोठीचं दार वाजलं. यशोदाबाई आत आल्या, त्यांनी मोबाइल हातात घेतला, एका पिंपावर बसल्या आणि त्यातला माणूस थांबवला.

“डावो हात वर,” त्या म्हणाल्या. “ह्यो नाय, दुसरो.”

दाजींनी हात वर केला. मग थांबले. “तुका कोणी सांगला, माका येणा नाय म्हणान?”

“लग्नाच्या दुसऱ्या वर्साक कळला. हाफिसातून इल्यावर तुमी टाय डोक्यावरून काढायचात, सदऱ्यासारखो.”

“मगे बोललंस कित्याक नाय?”

“तुमी सांगूक नाय, मी इचारूक नाय.”

“आणि तरी गाठ सोडलंस?”

“कळकट झालेलो,” यशोदाबाई म्हणाल्या. “आता रुंद टोक वरसून घाला.”

तास-दीड तासाने, सहाव्या का सातव्या खेपेला, दाजींनी टोक ओवलं, ओढलं, आणि गळ्याशी एक छोटी, तिरकी, पण निःसंशय टायची गाठ उभी राहिली. दाजी आरशात बघतच राहिले. त्यांनी ती सोडली आणि परत मारली. परत सोडली. शनिवारपर्यंत त्यांना सिंगल येत होती, डबल येत होती, आणि मोबाइलमध्ये जिला भलतंच मोठं इंग्रजी नाव होतं ती तिसरीही पाचातून तीनदा येत होती. बो मात्र आला नाही. शर्मिला शिंपिणीने अस्तराच्या काळ्या कापडाचे आठ बो शिवून दिले होते. त्यातला एक दाजींनी इतक्या वेळा बांधला की त्याची सुतळी झाली. गळ्याशी दर वेळी काहीतरी मेलेलं लोंबत असायचं.

रविवारी सकाळी नऊला दाजी इस्त्रीचा शर्ट घालून, टाय स्वतः बांधून हॉलवर पोचले. बाहेर फळ्यावर अजयच्या हस्ताक्षरात लिहिलं होतं: ‘मानेसंबंधी मोफत शिबिर. मार्गदर्शक श्री. दाजी मयेकर. मुंबईचा अनुभव २८ वर्षे.’ अजयचं अक्षर असं की ते ‘मानेसंबंधी’ आहे की ‘मानासंबंधी’, हे कळत नव्हतं. दाजींना दोन्हीची काळजी वाटली.

आत पहिल्या रांगेत भक्ती आणि ती सहा जणं बसली होती. मागे त्रेचाळीस म्हातारी माणसं होती. काहींच्या हातात एक्स-रेची पाकिटं होती. हॉलभर बामाचा वास सुटला होता. एक आजोबा दाजींकडे आले आणि त्यांनी सदऱ्याची कॉलर खाली करून दुखरी जागा दाखवली.

“हंय मानेचा काय नाय,” दाजी सर्वांना म्हणाले. “म्हणजे मानेचाच आसा, पण दुखण्याचा नाय. हंय टाय बांधूक शिकवतले.”

हॉलमध्ये कुजबुज झाली. अजय मागे उभा राहून छताकडे बघत होता. मग बाबली म्हणाला, “च्याय उकळता आसा. इलाव तर बघून जाया.” आणि कोणी उठलं नाही.

दाजींनी सुरुवात केली आणि पहिल्याच वेढ्याला त्यांच्या लक्षात आलं की समोरच्यांना सगळं उलटं दिसतं आहे. ते उजवा म्हणाले की मुलं डावा उचलत होती. आरशाशिवाय त्यांना स्वतःलाही येत नव्हतं. तेव्हा त्यांनी आरसा टेबलावर ठेवला, सभेकडे पाठ केली आणि पाठमोरं शिकवायला लागले. एका मार्गदर्शकाची लोकांना फक्त पाठ आणि टक्कल दिसावं, हे काही शोभणारं नव्हतं. पण मुलांचे हात बरोबर चालायला लागले.

“हनुवटी वर,” दाजी म्हणाले. आरशात त्यांना दिसलं की मागच्या त्रेचाळीस हनुवट्याही वर गेल्या आहेत. “आता मान जरा डावीकडे.” त्रेचाळीस माना डावीकडे वळल्या. “आता सैल सोडा.” हॉलभर एक सुस्कारा पसरला. कॉलरवाले आजोबा शेजाऱ्याला म्हणाले की बरं वाटतं आहे.

अकरा वाजेपर्यंत सातही जणांच्या गळ्यात टाय होते. दाजींना इतका आनंद झाला की त्यांनी चहा उभ्यानेच घेतला. मग भक्तीने काळा बो पुढे केला.

दाजींनी पहिल्यांदा बांधला, तो एका कानाचा झाला. दुसऱ्यांदा दोन कान आले, पण दोन्ही एकाच बाजूला. तिसऱ्यांदा तो सरळ सुटून खाली पडला. कोणी हसलं नाही, ते जास्त वाईट होतं.

“दाजीनू,” भक्तीने हळूच विचारलं, “हाफिसात तुमी बो पण बांधायचात?”

तिने विश्वासाने विचारलं होतं, आणि दाजींकडे उत्तरं पुष्कळ होती. आमच्या कंपनीत बो नव्हता, हे तर खरंच होतं आणि तेवढ्यावर भागलंही असतं. पण भक्तीने खाली पडलेला बो उचलून पुन्हा त्यांच्यापुढे धरला होता. दाजी पहिल्यांदाच आरशापासून वळले आणि सभेकडे तोंड करून उभे राहिले.

“बो मी कधीच बांधूक नाय,” ते म्हणाले. “खरां सांगूचा तर टाय पण बांधूक नाय. फर्नांडिस बांधायचो. मी फक्त डोक्यातसून घालायचंय.”

अठ्ठावीस वर्षांचा अनुभव बाहेर फळ्यावर लिहिलेला होता आणि सगळ्यांनी तो येताना वाचला होता. दाजींनी यशोदाबाईंकडे पाहिलं. त्या कपबश्या गोळा करायच्या थांबल्या होत्या.

राधाबाईंनी दुसऱ्या रांगेतून विचारलं, “मगे आता आरशासमोर मारलंस ती गाठ कोणाची?”

“माझी.”

“ती कधी शिकलंस?”

“ह्याच आठवड्यात. गुरुवारी पैली जमली.”

“मगे झाला तर,” राधाबाई म्हणाल्या. “सासष्ट वर्साचो तू चार दिवसांत शिकलंस. ही पोरां काय तुझ्यापेक्षा वायट आसत? ता फूल हंय दी, बघूया.”

त्यांनी भक्तीच्या हातातून बो घेतला. उलटा केला, सुलटा केला, बोटांनी कापड चाचपलं.

“ही तर रिबीन,” त्या म्हणाल्या.

राधाबाईंना पाच मुली. शाळेची घंटा व्हायच्या आत रोज दहा वेण्या घालायच्या आणि दहा फुलं काढायची, असं त्यांनी बावीस वर्षं केलं होतं. त्यांनी भक्तीला पुढ्यात बसवलं, तिच्या गळ्यात बो टाकला, बोलता बोलता एक फास दुमडला, दुसरा त्याच्यातून काढला आणि दोन्ही कान चिमटीत धरून ओढले. गळ्याशी काळं, टपोरं, दोन्ही बाजूंनी सारखं फूल बसलं.

मग मागच्या रांगा उठल्या. हॉलमधल्या प्रत्येक बाईने आयुष्यात निदान हजार रिबिनी बांधल्या होत्या. त्यांनी एक्स-रेची पाकिटं खुर्च्यांवर ठेवली आणि मुलांना वाटून घेतलं. चारही मुलगे माना वर करून उभे होते आणि एकेकाभोवती सहा-सहा म्हाताऱ्या, असं नाही, तसं, करत होत्या. भक्तीला स्वतःच्या गळ्यावर बांधताना अडायला होत होतं. राधाबाई म्हणाल्या, “आरसो बगू नको. वेणी खांद्यावर फुडे घेतलंस, असां समज.” भक्तीने डोळे मिटले. शाळेची दहा वर्षं तिच्या बोटांत होतीच. तिने बो बांधला आणि डोळे उघडायच्या आधीच टाळ्या पडल्या. दाजीही टाळ्या वाजवत होते, आणि मग राधाबाईंनी त्यांना बोलावून खुर्चीत बसवलं आणि त्यांच्याकडून बो सहा वेळा बांधून घेतला, सातव्यांदा चांगला आला तेव्हाच सोडलं.

मुलाखतीच्या दिवशी दाजी मुलांबरोबर कणकवलीला गेले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, पण गाडीत एक जागा शिल्लक होती. हॉटेलच्या दुसऱ्या मजल्यावर लांब व्हरांडा होता आणि तिथे सावंतवाडीपासून फोंडाघाटापर्यंतची साठ-सत्तर मुलं उभी होती. त्यातल्या बहुतेकांच्या हातात टाय होते. कोणी मोबाइल लावून एकमेकांच्या गळ्याशी झटत होते, एकाने टायला चक्क बुटाच्या नाडीसारखी गाठ मारली होती. दाजींनी थोडा वेळ पाहिलं. मग ते फोंडाघाटच्या एका घामाघूम मुलाजवळ गेले आणि म्हणाले, “हनुवटी वर कर.”

दहा मिनिटांत रांग लागली.

“दाजीनू,” भक्ती त्यांच्या कानाशी लागली, “जागा फक्त बारा आसत. आणि हे सगळे आमच्या इरोधात आसत.”

“असूदे,” दाजी म्हणाले. त्यांच्या हातात तेव्हा नववा टाय होता. “बिनटायच्यांका हरवून काय मजा?”

भक्तीने फोंडाघाटच्याच एका मुलीचा लोंबता बो पाहिला, जीभ टाळ्याला लावून चक् केलं आणि तो सोडून पुन्हा बांधायला घेतला. ती तिसरा बो बांधत असताना आतून तिचं नाव पुकारलं गेलं.

ती बराच वेळ आत होती. दाजींनी तेवढ्यात अकरा टाय बांधले, पैकी दोन जरा वाकडे, कारण त्यांची नजर दाराकडे होती. दार उघडलं आणि भक्ती बाहेर आली. ती अजून आतल्याच भाषेत होती.

“माझी निवड झालेली आहे,” ती म्हणाली. मग तिचा चेहरा फुलला आणि ती दाजींच्या दोन्ही हातांना धरून तिथेच उड्या मारायला लागली. दाजींच्या हातात एका सावंतवाडीकराचा टाय होता, आणि त्याच्या आत तो सावंतवाडीकर होता, त्यामुळे त्यालाही थोडं उडावं लागलं.

“बो बघितल्यानी?” दाजींनी श्वास घेऊन विचारलं.

“सोडून परत बांधूक लावल्यानी. मी डोळे मिटून बांधलंय. सायब खूश झालो. इचारल्यान, ह्यो कोणी शिकवल्यान?”

“मगे?”

“राधाबाई, म्हटलंय.”

दाजींना ते जरा लागलं. ते खरं होतं, म्हणून जास्त लागलं. त्यांनी सावंतवाडीकराची कॉलर उगीच दोनदा सारखी केली.

“बरां केलंस,” ते म्हणाले. “आणि टाय कोणी शिकवलो, ता इचारूक नाय?”

“नाय,” भक्ती म्हणाली. “टाय काय, सगळ्यांकाच बांधूक येता, असां तेंका वाटता.”

दाजींनी व्हरांड्यातली रांग पाहिली. ती आता जिन्यापर्यंत गेली होती. त्यांनी बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या आणि पुढच्याला हाक मारली.